जर्मनीची वाईन : कुठला प्रांत, कुठलं द्राक्ष आणि नेमकं काय घ्यावं?

ऱ्हाईनकाठी

परवा युरोप सहलीच्या धाग्यावर कोणीतरी सल्ला दिला की जर्मनीत बिअर प्या आणि वाईन प्यायची तर फ्रान्सला जा, आणि त्याला लगेच चार-पाच जणांचं +१ पण आलं. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय. मी माइन्झला राहते, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या वाईन प्रांतात, ऱ्हाईनहेसनमधे, त्यामुळे थोडी बाजू घेणार हे आधीच सांगून ठेवते.

आधी नकाशा बघा. इथले बहुतेक द्राक्षमळे ४८ ते ५१ अक्षांशांच्या मधे आहेत. द्राक्ष धड पिकण्याची ही उत्तरेकडची हद्दच म्हणायची, निदान आत्ताआत्तापर्यंत तरी होती. दिसेल त्या सपाट रानात वेल लावला आणि घड पिकला असं इथे शेकडो वर्षं होत नव्हतं, ऊन तिरपं, त्यात ढग, त्यात सप्टेंबर संपताना गारठा. मग लोकांनी काय केलं तर दक्षिणेकडे तोंड केलेले डोंगरउतार शोधले, तेही शक्यतो नदीच्या डोक्यावर, कारण नदी असली की रात्रीची थंडी जरा बोथट होते. म्हणून जर्मन वाईन समजून घ्यायची तर द्राक्षांच्या नावांपासून सुरुवात करू नका, नद्यांपासून करा. ऱ्हाईन, मोझेल, नाहे, आर, माइन, नेकार आणि पूर्वेला साले, उन्स्ट्रुट, एल्ब. अधिकृत प्रांत तेरा, त्यातले साले-उन्स्ट्रुट आणि झाक्सन हे दोन पूर्व जर्मनीतले, १९९० च्या एकीकरणानंतर यादीत आले. सगळं मिळून लागवड साधारण एक लाख हेक्टर, त्यात पांढरी द्राक्षं दोनतृतीयांशाच्या वर.

माझ्या समोरच्या काठावरचंच उदाहरण देते. ऱ्हाईन दक्षिणेकडून उत्तरेला वाहत येते आणि विसबाडनपाशी ताउनुस डोंगर आडवा आला म्हणून पश्चिमेला वळते, पुढे तीसेक किलोमीटर तशीच जाते, मग ऱ्युडेसहाइमनंतर पुन्हा उत्तरेला. या तेवढ्या तुकड्यात नदीचा उजवा काठ सरळ दक्षिणेकडे बघतो आणि पाठीला डोंगर असल्यामुळे उत्तरेचा वारा लागत नाही. हाच ऱ्हाईनगाऊ प्रांत. जेमतेम तीन हजार हेक्टर पण नाव केवढं मोठं! ११३६ मधे सिस्टर्शियन साधूंनी एबरबाखचा मठ इथेच काढला आणि डोंगर फोडून मळे लावले. योहानिसबर्गच्या गढीवर १७२० मधे मोठ्या प्रमाणावर रीसलिंग जातीचं द्राक्ष लावलं. तिथलीच १७७५ ची गोष्ट प्रसिद्ध आहे, तोडणीची परवानगी फुल्डाच्या धर्माधिपतीकडून यायची, घोडेस्वार परवानगी घेऊन यायला उशीर झाला, तोवर घडांवर बुरशी धरून मणी सुकायला लागले, आता गेलंच तर आहे म्हणून तसंच गाळलं आणि ती वाईन आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस निघाली. तिथून श्पेटलेझ, म्हणजे उशिरा तोडणीच्या वाईनची प्रथा पडली म्हणतात. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा, त्या घोडेस्वाराचा पुतळा मात्र अंगणात उभा आहे.

द्राक्षांचं थोडक्यात. रीसलिंग राजा, साधारण २४ हजार हेक्टर, जगातल्या एकूण रीसलिंगपैकी ४० टक्क्यांच्या आसपास एकट्या जर्मनीत. लेखी नोंद १४३५ ची आहे, ऱ्युसल्सहाइमच्या एका सरदाराच्या तळघराच्या हिशोबवहीत रोपं विकत घेतल्याची. म्हणजे नोंद सापडली ती पण खर्चाच्या खात्यात. त्याखालोखाल श्पेटबुर्गुंडर, म्हणजे आपण पिनो न्वार म्हणतो ते. मग म्युलर-थुर्गाऊ, ग्राउबुर्गुंडर, डॉर्नफेल्डर, सिल्व्हानर वगैरे. विचारा, जमेल तसं सांगते.

टवाळपंत

धागा छान, पण ताई एक शंका. आमच्या ऑफिसातले एकजण दरवर्षी येताना निळ्या बाटलीतली जर्मन वाईन आणायचे, ती साखरेचं पाणी असायची हो. सरबत म्हणून पाहुण्यांना दिली असती तरी चाललं असतं. मग त्या घोडेस्वाराचं काय करायचं?

ऱ्हाईनकाठी

@टवाळपंत, ती बहुतेक लीबफ्राउमिल्ख असणार. मुळात वोर्म्समधल्या एका चर्चभोवतीच्या छोट्याशा मळ्याचं ते नाव. पुढे नाव चाललं, मागणी वाढली आणि मग ऱ्हाईनच्या आसपासची वाट्टेल ती स्वस्त गोडसर वाईन त्या नावाखाली बाहेर जायला लागली. इंग्लंड-अमेरिकेत ७०-८० च्या दशकात तीच म्हणजे जर्मन वाईन असं समीकरण झालं आणि आपल्याकडे कौतुकाने आली ती पण तीच. गंमत म्हणजे इथले लोक स्वतः ती पीत नाहीत. आज इथे बनणाऱ्या वाईनपैकी मोठा भाग कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, वाईनचा असतो.

लेबलवर 'ट्रोकन' असेल तर ती कोरडी, लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. 'हाल्बट्रोकन' म्हणजे १८ पर्यंत. 'फाइनहेर्ब' लिहिलं असेल तर तिची कायद्यात व्याख्याच नाही, ज्याला जे वाटेल ते, पण साधारण हाल्बट्रोकनच्या आसपास किंवा थोडी वर. आणि यातलं काहीच लिहिलेलं नसेल, वर काबिनेट (हलक्या वाईनचा दर्जा) किंवा श्पेटलेझ असेल आणि अल्कोहोल ८-९ टक्केच असेल तर ती गोड असणार असं धरून चाला. साखर सगळी अल्कोहोलमधे गेली नाही म्हणूनच आकडा कमी आहे ना!

कोरडा_विनोद

म्हणजे लेबलवर काहीच लिहिलं नाही तर ते सगळ्यात महत्त्वाचं. एकदम जर्मन.

बागायतदार

नमस्कार. मी दिंडोरी तालुक्यातला, आमच्याकडे टेबल ग्रेप पण आहे आणि थोडी बाग वायनरीच्या करारात आहे. धागा वाचून बरं वाटलं पण मला त्या वायनीपेक्षा बागेचं जाणून घ्यायचंय. आमच्याकडं वर्षात दोन छाटण्या, एप्रिलमधी खरड छाटणी आन् सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी. थंडी पुरेशी पडत नाही म्हणून वेल झोपतच नाही, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावावी लागती. काढणी जानेवारी ते मार्च. वायनरीवाला ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतो, २२-२४ च्या दरम्यान पायजे, मिटर घेऊनच येतो. तिकडं कसं आहे? साखर कशी मोजतात आन् एकरी माल किती निघतो?

ऱ्हाईनकाठी

बागायतदार दादा, तुमच्या प्रश्नातच अख्ख्या जर्मन वाईनची किल्ली आहे बघा.

इथे छाटणी एकच, हिवाळ्यात, वेल गाढ झोपलेला असताना. एप्रिलमधे डोळे फुटतात, जूनमधे फुलोरा आणि तिथून साधारण शंभर दिवसांनी तोडणी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. पेस्टची गरज नाही, उलट भीती अशी की डोळे लवकर फुटले आणि मग थंडी आली तर? मेच्या मध्यापर्यंत शेतकऱ्याचा जीव टांगणीला असतो. २०२४ चा एप्रिल संपता संपता अशीच थंडी पडली आणि साले-उन्स्ट्रुट, झाक्सन भागात कोवळे फुटवे काळे पडून गेले, अनेकांचं त्या वर्षीचं पीक बहुतांश गेलं. लोक बागेत रात्रभर मेणबत्त्या लावून बसतात, डबाभर मेण, ओळीओळीने शेकडो.

साखर मोजायला इथे एक्स्ले हे माप आहे. फॉर्झहाइमच्या फर्डिनांड एक्स्ले नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात तो काटा प्रचलित केला. रसाची घनता पाण्यापेक्षा किती जास्त तो आकडा, १.०७० असेल तर ७० एक्स्ले. तुमच्या ब्रिक्समधे ७० म्हणजे १७ च्या आसपास. आणि मोझेलच्या रीसलिंगला काबिनेट म्हणायला तेवढेच ७० लागतात! म्हणजे तुमचा वायनरीवाला ज्याला हात लावणार नाही तो माल इथे दर्जेदार म्हणून शतकानुशतकं विकला गेलाय, आणि चवीला खरंच सुंदर असतो. कारण १७ ब्रिक्सला सुद्धा त्यात वास, आंबटपणा सगळं तयार झालेलं असतं, हळूहळू पिकल्यामुळे.

आता बघा, जिथे ऊन दुर्मिळ तिथे साखर म्हणजे पत. म्हणून १९७१ च्या कायद्यात दर्जाची सगळी उतरंड साखरेवर बांधली. काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ, बेरेनआउसलेझ, ट्रोकनबेरेनआउसलेझ. शेवटच्याला १५० एक्स्ले लागतात, म्हणजे ३४ च्या आसपास ब्रिक्स, बुरशीने सुकलेले मणी एकेक करून वेचायचे. शिवाय आइसवाइन, उणे ७ किंवा त्याखाली वेलीवरच गोठलेले घड पहाटे तोडून तसेच गोठलेले दाबायचे. आणि या सगळ्या वर्गांना बाहेरून साखर घालायला बंदी, यांच्याखालच्या साध्या वर्गाला ठराविक मर्यादेत परवानगी.

एकरी म्हणाल तर देशाची सरासरी हेक्टरी ८०-९० हेक्टोलिटर वाईन, म्हणजे एकरी साडेचार टनांच्या आसपास माल. चांगल्या उतारावरचे लोक मुद्दाम निम्म्यावर आणतात.

बागायतदार

१७ ब्रिक्सला माल घेत्यात? आमच्याकडं तेवढ्यावर गाडी माघारी जाती ताई. इकडं फेब्रुवारीत ऊन तापलं की साखर चढती पण आंबटपणा धडाधडा उतरतो, म्हणून काढणी रात्री किंवा पहाटं करतो. तुमच्याकडं ऊन मिळंना, आमच्याकडं ऊन आवरंना. आन् औषधांचं काय, डावणी-भुरी हे बुरशीचे रोग आहेत का तिकडं?

ऱ्हाईनकाठी

आहे की, दोन्ही आहेत आणि दोन्ही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतूनच युरोपात आल्या. पावसाळी जून असेल तर डावणी इथेही बाग साफ करते. मोझेलच्या कड्यांवर ट्रॅक्टर जात नाही म्हणून हेलिकॉप्टरने फवारणी करतात, हल्ली ड्रोन आलेत. दुसरा उपाय म्हणजे रोगाला तोंड देणाऱ्या नव्या जाती. फाल्ट्समधे सीबल्डिंगन गावाजवळ गाइलवाइलरहोफ म्हणून सरकारी संशोधन केंद्र आहे, तिथे निघालेली रेगेंट ही लाल जात त्यातली सगळ्यात गाजलेली. शेतकऱ्याला पटतात, फवारण्या कितीतरी कमी होतात, पण गिऱ्हाईक अनोळखी नाव बघून बाटली परत ठेवतं.

अजून एक, तुमच्या भागात खुंटरोपाचं (ज्यावर वेलीचं कलम बांधतात त्याचं) एसओ-४ हे नाव ऐकलं असेल. त्यातला 'ओ' म्हणजे ओपेनहाइम, माइन्झहून वीसेक किलोमीटरवरचं गाव.

बागायतदार

ऐकलंय तर! आमच्याकडं जास्त करून डॉगरिज, पण वाईनवाल्यांकडं एसओ-४ बघितलंय. ते जर्मन आहे हे आजच कळलं.

दोन_घोट

वाचतोय, आणि राहवत नाही म्हणून मोझेलबद्दल लिहितो, कारण ताई माइन्झच्या असल्याने मोझेलला दोन ओळींत गुंडाळतील अशी भीती वाटतेय :)

आम्ही कोब्लेन्झहून गाडीने नदीकाठाने वर वर गेलो. मोझेल सरळ जातच नाही, एवढी वळणं घेते की एकच गाव दोनदा दिसल्यासारखं वाटतं. आणि गंमत अशी की प्रत्येक वळणावर बाग बाजू बदलते. उन्हाकडे तोंड असलेला काठ वरपासून खालपर्यंत वेलींनी भरलेला आणि समोरच्या काठावर जंगल नाहीतर गाव. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट तर युरोपातला सगळ्यात उभा द्राक्षमळा समजतात, काही ठिकाणी ६५ अंश. तिथून पायवाट जाते, मधेमधे लोखंडी शिड्या आणि तारा धरून चढायचं. वर एक आजोबा भेटले, वेल बांधत होते. प्रत्येक वेलीला एकच खांब आणि दोन काड्या दोन बाजूंनी वाकवून खाली बांधलेल्या, बदामाचा आकार होतो. पायाखाली माती नाहीच, नुसत्या पाटीच्या दगडाच्या कपच्या. आजोबांनी एक हातात दिली, दुपारचे चार वाजले असतील, दगड चांगला गरम होता. दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलीला देतो म्हणाले. पावसाने त्या कपच्या खाली घसरतात त्या पूर्वी लोक टोपलीने परत वर न्यायचे. आता एका रुळावरची छोटी गाडी आहे, तिच्यात माणूस आणि क्रेट दोन्ही बसतात, मी बसलो नाही, हिंमत झाली नाही.

या कष्टांमुळेच मोझेलची लागवड घटत चाललीय. नव्वदीत बारा हजार हेक्टर होती, आता साडेआठच्या आत. पोरं शहरात गेली की कडा ओस पडतो, झुडपं माजतात. तोडणीला पोलंड-रोमेनियाचे मजूर. सपाटीवर मशीन जे काम तासात करतं ते इथे हातानेच, आणि दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या, किमतीत दोन-चार युरोचाच फरक.

अवांतर: ट्रीअर हे मोझेलवरचं रोमन काळातलं गाव, कार्ल मार्क्सचं जन्मगाव. त्याच्या वडिलांचे जवळच्या मेर्टेसडोर्फमधे द्राक्षमळे होते. १८४३ मधे तरुण मार्क्सने वर्तमानपत्रात मोझेलच्या द्राक्ष शेतकऱ्यांच्या हलाखीवर लेख लिहिले. जकातीची भिंत पडल्यावर इतर प्रांतांची स्वस्त वाईन आली होती, भाव पडले होते आणि सरकार म्हणत होतं की शेतकरीच रडे. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की आर्थिक प्रश्नांकडे तो वळला त्यामागे हे एक कारण होतं.

कोरडा_विनोद

म्हणजे रीसलिंगला भाव मिळाला असता तर रशियाचा इतिहास वेगळा झाला असता. डाव्यांनी आता द्राक्षबागायतदारांना निवेदन द्यावं.

बागायतदार

भाव पडल्यावर शेतकरीच रडे हे आम्हाला नवीन नाही :)

पेठेतला

दोन_घोट, झकास लिहिलंय. एक विचारायचं होतं, जरा विचित्र आहे, हसू नका. मुलाने तिकडून एक जुनी रीसलिंग आणली, दहा-बारा वर्षांची, महागाची. उघडली तर चक्क रॉकेलचा वास! बायको म्हणाली खराब झाली, ओतून टाका. मी ओतली नाही (पुण्याचा आहे), प्यायलो. बरी होती. पण वास रॉकेलचाच. हे काय प्रकरण आहे?

दोन_घोट

काका, खराब नव्हती, उलट ओतली असती तर पाप लागलं असतं. जुन्या रीसलिंगला तो वास येतोच. टीडीएन नावाचं रसायन असतं, द्राक्षाला ऊन जास्त लागलं की त्याचा कच्चा माल जास्त तयार होतो आणि बाटलीत वर्षानुवर्षं ते मोकळं होत जातं. काही लोक मुद्दाम त्यासाठी बाटल्या राखून ठेवतात. काही वायनरीवाल्यांना मात्र तरुण वाईनमधे तो आलेला अजिबात आवडत नाही, आणि ऊन वाढलंय तसा तो लवकर यायला लागलाय म्हणून घडांवरची पानं पूर्वीसारखी सरसकट काढत नाहीत, सावली ठेवतात.

ऱ्हाईनकाठी

हेच मला पुढे लिहायचं होतं. हजार वर्षं ज्या उन्हासाठी धडपड केली ते आता जास्त व्हायला लागलंय. ज्या रानात पन्नास वर्षांपूर्वी काबिनेटची मारामार होती तिथे आता श्पेटलेझची साखर सहज येते, कोरडी वाईन करायला गेलं तर अल्कोहोल १३ च्या वर. खरं हलकं, आठ-नऊ टक्क्यांचं काबिनेट करणं हेच आता कसबाचं काम झालंय. आणि आइसवाइन? २०१९ च्या हंगामात पूर्ण देशात एकाही प्रांतात झाली नाही, पहिल्यांदाच. लोक घडांना जाळी-प्लास्टिक बांधून फेब्रुवारीपर्यंत थांबले पण उणे ७ काही आलं नाही.

मग साखरेवर बांधलेल्या त्या १९७१ च्या उतरंडीला अर्थ काय उरला? माझं मत, फारसा नाही. शिवाय त्या कायद्याने अजून एक घोळ घातला होता. हजारो छोट्या मळ्यांची नावं एकत्र करून अडीच-तीन हजारांवर आणली आणि वर ग्रोसलागे म्हणून मोठमोठे पट्टे काढले. लेबलवर दोन्ही सारखेच दिसतात. 'पीस्पोर्टर गोल्डट्रॉप्फशेन' हा पीस्पोर्टच्या उतारावरचा खरा मळा, आणि 'पीस्पोर्टर मिशेल्सबर्ग' म्हणजे आजूबाजूच्या कितीतरी गावांचा माल. नावावरून नवख्याला कळायचं कसं? आमच्या ऱ्हाईनहेसनमधे 'नीरस्टाइनर गुटेस डोमटाल' हा तसलाच प्रकार, त्यातली बरीचशी वाईन नीरस्टाइनची नसतेच. ज्या नीरस्टाइनला ऱ्हाईनच्या काठावर लाल मातीचा इतका अप्रतिम उतार आहे त्याच्या नावाचं हे झालं. २०२१ पासून नवा कायदा आहे, प्रांत, गाव आणि मळा अशी मूळ ठिकाणावर आधारलेली उतरंड, आणि २०२६ च्या हंगामापासून त्या मोठ्या पट्ट्यांच्या नावाआधी 'रेगिओन' लिहावं लागणार. उशिरा का होईना.

श्टुटगार्टवाली

माझेही दोन आणे. सगळे रीसलिंगवर बोलतायत पण आमच्या व्युर्टेम्बर्गमधे श्वाबेन, म्हणजे इथले स्थानिक लोक, लाल पितात, ट्रोलिंगर आणि लेम्बर्गर. ट्रोलिंगर म्हणजे रंगाला फिकट, हलकी, बाहेरच्यांना अजिबात आवडत नाही आणि ह्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही कारण बाहेर पाठवायला उरतच नाही, सगळी इथेच संपते. पाव लिटरचा कान असलेला ग्लास घेऊन बसायचं, चहाच्या कपासारखा धरून प्यायचं.

नोव्हेंबरात नाहीतर फेब्रुवारीत कोणी श्टुटगार्टला आलं तर त्यांना मी आधी बेझेनला नेते. शेतकरी आपल्या घरातली खोली, गोठा, पडवी जे असेल ते मोकळं करून वर्षातले काही महिने स्वतःची वाईन विकतो, परवाना लागत नाही पण नियम आहेत, जागा चाळीसच. दाराबाहेर झाडू टांगला की चालू. अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बाकावर बसायचं, सासूबाई भांडी विसळतायत, सून ताटं आणतेय, नातू कोपऱ्यात गृहपाठ करतोय. माझे सासरे आले होते तेव्हा मला म्हणाले, अगं हे लोक आपल्याला घरात घेऊन जेवायला घालतायत आणि वर पैसे पण एवढेच? पैसे तेवढेच. शाकाहारी लोकांना चीज आणि बटाट्याचं सॅलड यापलीकडे फार काही मिळणार नाही हे सांगून ठेवते.

आणि हो, श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. मुख्य स्टेशनच्या बाहेर पडून मान वर केली की उतारावर द्राक्षमळा दिसतो. सीएसटीच्या बाहेर कल्पना करा.

टवाळपंत

सीएसटीच्या बाहेर वडापावचा मळा आहे, तोच बरा.

निळी_छत्री

बाकीचे प्रांत कुठे गेले? तेरा म्हणालात, आत्तापर्यंत चारच झाले. बाडेन, फाल्ट्स, फ्रांकन कोण सांगणार? आणि एक प्रॅक्टिकल प्रश्न, आपल्या जेवणाबरोबर काय जातं आणि भारतात किती आणता येतं?

ऱ्हाईनकाठी

पळत पळत सांगते. फ्रांकन म्हणजे माइन नदी, व्युर्झबुर्ग, आणि चपट्या गोल बाटलीतली सिल्व्हानर. १६५९ मधे कास्टेलला सिल्व्हानरची पहिली रोपं लागली. वसंतात पांढऱ्या शतावरीबरोबर इथले लोक हीच पितात. बाडेन सगळ्यात दक्षिणेला आणि गरम, इतकं की युरोपच्या वाईन नियमांत एकट्या बाडेनला उरलेल्या जर्मनीपेक्षा वेगळा हवामान विभाग दिलाय. तिथलं काइझरश्टूल म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीवरचे मळे, श्पेटबुर्गुंडर तिथली घ्या. नाहे छोटा पण माती दर मैलाला बदलते. मिटेलऱ्हाईन म्हणजे लोरेलायचा कडा आणि किल्ले, पर्यटक बोटीतून फोटो काढतात तो भाग, वाईन थोडी आणि उतार मोडून पडायला आलेले. हेसिशे बेर्गश्ट्रासे एवढासा आहे, तिथली वाईन तिथेच जाऊन प्यावी लागते. साले-उन्स्ट्रुट आणि झाक्सन खरंच मी फारसे प्यायलेले नाही, झाक्सनमधे गोल्डरीसलिंग म्हणून एक जात आहे ती इतरत्र जवळजवळ मिळत नाही एवढं सांगते.

फाल्ट्सला मात्र जा. ८५ किलोमीटरचा वाईन रस्ता आहे, फ्रान्सच्या सीमेवरच्या श्वाइगनपासून बोकेनहाइमपर्यंत, अंजीर आणि बदामाची झाडं लागतात वाटेत. सप्टेंबरात बाड ड्युर्कहाइमची वाईनची जत्रा असते, नाव मात्र सॉसेजबाजार. तिथे अर्ध्या लिटरचा ग्लास देतात, त्याला बाहेरून बोटांएवढ्या खळ्या पाडलेल्या असतात. कारण सॉसेज खाऊन हात तेलकट झाले तरी ग्लास निसटू नये. यापेक्षा व्यवहारी शोध मी पाहिलेला नाही. त्याच दिवसांत फेडरवाइसर मिळते, म्हणजे अजून आंबत असलेला गढूळ रस, कांद्याच्या केकबरोबर. ती बाटली घट्ट बंद नसते, आतून गॅस सुटत असतो, म्हणून पिशवीत आडवी टाकू नका, ट्राममधे एका माणसाची पूर्ण बॅग भिजलेली पाहिलीय.

दोन_घोट

आर राहिला. बॉनच्या दक्षिणेला, एवढा उत्तरेला असून मुख्यतः लाल, श्पेटबुर्गुंडर. १४ जुलै २०२१ च्या रात्री पूर आला तेव्हा खोऱ्यात १३० च्या वर माणसं गेली, वायनरींची तळघरं छतापर्यंत चिखलाने भरली. त्या चिखलातून निघालेल्या बाटल्या न धुता, तशाच माखलेल्या, लोकांनी देणगी म्हणून विकत घेतल्या आणि त्यातून चाळीस लाख युरोच्या वर जमले. मायशॉसची सहकारी वायनरी १८६८ ची, जर्मनीतली सगळ्यात जुनी, ती पण बुडाली होती, पुन्हा चालू झालीय. जमलं तर तिकडची एक बाटली घ्या.

ऱ्हाईनकाठी

+१ आरसाठी.

@निळी_छत्री, जेवणाचं माझं मत असं की तिखटाबरोबर कोरडी आणि जास्त अल्कोहोलची वाईन घेऊ नका, तोंड अजून भाजतं. कोळंबीचं कालवण, भरली वांगी, मिसळ, यांच्याबरोबर मोझेलचं काबिनेट नाहीतर फाइनहेर्ब रीसलिंग, थोडी साखर, भरपूर आंबटपणा, कमी अल्कोहोल. आमटीत गूळ आणि आमसूल का घालतो तोच हिशोब. तांबड्या रश्श्याबरोबर काय जातं ते कोल्हापूरकरांनी सांगावं, माझी हिंमत नाही. भारतात माणशी दोन लिटर दारू ड्युटी-फ्री, म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या बसतात, तिसरीने मर्यादा ओलांडते.

बागायतदार

ताई, पुतण्या ऑक्टोबरमधी फ्रँकफर्टला कंपनीच्या कामानं येतोय. त्याला बाटली तर सांगतोच, पण बागा बघायला कुठं पाठवू? शेतकऱ्याशी बोलता आलं पायजे, नुसती फोटोची जागा नको.

ऱ्हाईनकाठी

दादा, फ्रँकफर्टहून लोकलने नीरस्टाइन किंवा ओपेनहाइम, तासाभराचा रस्ता. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आला तर रीसलिंगची तोडणी चालू असेल, हल्ली बऱ्याच जणांची सप्टेंबरातच उरकते म्हणून आधी फोन करून जायला सांगा. ऱ्हाईनगाऊमधे गाइझनहाइमला १८७२ पासूनची वाईनची शिक्षणसंस्था आहे, ते पण एका दिवसात होईल. म्युलर-थुर्गाऊ तिथेच तयार झालं, १८८२ मधे, हेरमान म्युलर नावाच्या स्विस माणसाने केलं. शंभर वर्षं सगळे समजत होते की रीसलिंग आणि सिल्व्हानरचा संकर आहे, मग डीएनए तपासला तर सिल्व्हानरचा संबंधच नाही, दुसरी बाजू माडलेन रोयाल नावाची जात निघाली.

बाटली घेताना त्याला सांगा 'गुट्सआबफ्युलुंग' शब्द बघ, म्हणजे स्वतःच्या बागेतला माल स्वतः भरलेला. 'आबफ्युलर' असेल तर कोणीतरी विकत घेऊन भरलीय. आणि त्याची तारीख मला व्यनिमधे (व्यक्तिगत निरोपात) कळवा, नीरस्टाइनच्या एका ओळखीच्या शेतकरीणबाईंना विचारून ठेवते, त्यांना ब्रिक्सवाला माणूस भेटला तर सोडणार नाहीत.

बागायतदार

व्यनि केलाय. पुतण्याला रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्सचा मिटर) संग घेऊन जायला सांगतो.